सात रस्ता : पहिल्या वर्षाआधीचे उन्हाळी सत्र

सोलापुरात ‘सात रस्ता’ एवढे म्हटले की रिक्षावाल्याला पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी असो, विजापूर रस्त्यावरच्या वसाहतींतून पेठेकडे निघालेला नोकरदार असो की रंगभवनाच्या बाजूने येणारा विद्यार्थी असो, या चौकातून प्रत्येकाला केव्हा ना केव्हा जावेच लागते. शासकीय विश्रामगृह याच परिसरात आहे, आणि १९५३ मध्ये स्थापन झालेले संगमेश्वर महाविद्यालयही येथेच आहे. महाविद्यालय म्हटले की झेरॉक्सची दुकाने, वह्या-पुस्तकांची दुकाने, खासगी शिकवण्यांचे फलक आणि चहाच्या टपऱ्या ओघाने आल्याच. वर्षातले दहा महिने हा चौक तरुण मुलामुलींच्या वर्दळीने भरलेला असतो.

मे महिन्यात मात्र त्याचे रूप पालटते. सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या आसपास रेंगाळतो. दुपारी एक ते चार या वेळात डांबर मऊ पडते, दुकानदार अर्धे शटर ओढून घेतात आणि झाडाखाली उभ्या असलेल्या रिक्षांतून चालक डुलकी घेतात. महाविद्यालयात परीक्षा आणि पेपरतपासणीची कामे चालतात. अध्यापन थांबलेले असते. तरीही सकाळी सातच्या सुमारास पाठीवर दप्तर आणि डोक्याला रुमाल बांधलेली काही मुलेमुली या चौकात दिसतात. ती शाळेत नाहीत, कारण शाळा संपली आहे. ती महाविद्यालयातही नाहीत, कारण प्रवेश अजून व्हायचा आहे. शिक्षणाच्या नकाशावर या मुलांना त्या वेळी पत्ताच नसतो.

हा काळ वाटतो तितका लहान नाही. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. निकाल मे महिन्यात लागतो. २०२४ मध्ये तो २१ मे रोजी, तर २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला. त्यानंतर अर्ज, गुणवत्ता यादी, कागदपत्रांची पडताळणी आणि शुल्क भरणे यांत जून सरतो, क्वचित जुलैही. दहावीनंतरची स्थिती याहून वेगळी नाही. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली आणि वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. शेवटच्या पेपरापासून पहिल्या तासापर्यंत चार ते पाच महिने जातात. आयुष्याची दिशा ठरण्याच्या वयातले हे महिने कोणाच्याच हिशेबात धरलेले नसतात.

व्यापारी घरात मात्र ते एका हिशेबात आपोआप धरले जातात, आणि तो हिशेब दुकानाचा असतो. चाटी गल्लीतील एखाद्या कापड व्यापाऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा याच दिवसांत होतो. नोकर कमी पडतात, गल्ल्यावर विश्वासाचे माणूस हवे असते, आणि नेमकी त्याच वेळी बारावी झालेली मुलगी घरी मोकळी असते. वडिलांना वाटते, तिने दुकानात यावे. मुलीला वाटते, वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाआधी इंग्रजी आणि लेखाशास्त्र पक्के करून घ्यावे, कारण बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. “आजोबा, तुम्हीच पप्पांना सांगा ना,” असे ती म्हणते. आजोबा दोन्ही बाजू ऐकतात आणि कोणाचीच बाजू घेत नाहीत. असा प्रसंग सोलापुरातील कितीतरी घरांत दरवर्षी घडतो. त्याचा निकाल मात्र कोठल्याही संकेतस्थळावर लागत नाही.

दुकान की महाविद्यालय, हा प्रश्न या गावाला नवा नाही. १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय सुरू होण्याआधी पदवीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे, आणि गेलेल्या प्रत्येकाला शिक्षण पुरे करता येईच असे नाही. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले. पण पदवी हाती येण्याआधीच ते घरच्या व्यवसायात शिरले. पुढे १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या उभारणीत आणि १९४० मध्ये बंगळूरच्या विमान कारखान्याच्या स्थापनेत त्यांनी जे केले ते सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या उदाहरणावरून ‘पदवीवाचून काही अडत नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्यांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव धारण करणारी महाविद्यालये आज याच शहरात उभी आहेत, हेही विसरता येत नाही. त्या पिढीपुढे दोहोंतून एक निवडण्याची सक्ती होती. आजच्या मुलांपुढे ती नाही. महाविद्यालय पायी जाण्याच्या अंतरावर आले आहे. २००४ मध्ये सोलापूरला स्वतःचे विद्यापीठही मिळाले आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे पाहण्याची गरज उरली नाही.

मग या उन्हाळ्यात नेमके काय करावे? जगात अन्यत्र याचे एक उत्तर शोधले गेले आहे. अमेरिकेत मुख्य सत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. पण अनेक विद्यापीठे नव्या विद्यार्थ्यांना त्याआधीच्या उन्हाळी सत्रात प्रवेश देतात. हार्वर्डमध्ये उन्हाळी वर्गांची परंपरा १८७१ पासूनची आहे. शिकागो विद्यापीठाने तर आरंभीच वर्षाचे चार समान भाग पाडून उन्हाळ्याला इतर सत्रांच्या बरोबरीचा दर्जा दिला. फ्लोरिडा राज्यातील सरकारी विद्यापीठांत बहुतेक विद्यार्थ्यांना पदवीपूर्वी किमान नऊ क्रेडिट उन्हाळ्यात मिळवावी लागतात. त्यामुळे तेथे अनेकजण पहिल्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यातच श्रीगणेशा करतात. त्या वेळी परिसर शांत असतो, वर्ग लहान असतात, विषय एक किंवा दोनच असतात. ग्रंथालय कोठे आहे, प्राध्यापकांना प्रश्न कसा विचारावा, एकट्याने आठवडा कसा आखावा, हे गर्दी उसळण्यापूर्वीच अंगवळणी पडते. मात्र हे सत्र लुटुपुटुचे नसते. तेथे मिळालेली श्रेणी कायमच्या गुणपत्रकावर राहते. सहा आठवड्यांत पूर्ण सत्राचा अभ्यास उरकायचा असल्याने दोनच विषय घेतले तरी दमछाक होते.

आपल्याकडेही या विचाराची चाहूल लागली आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम सुचवला. त्यात पाठ्यपुस्तकाआधी खेळ, कला, जीवनमूल्ये, परिसरभेटी आणि विभागाची ओळख यांना स्थान आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने तोच धागा सर्व शाखांपर्यंत नेला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीच्या चौकटीत तर ‘उन्हाळी सत्र’ हा शब्द स्पष्टपणे आला आहे. त्याचा कालावधी आठ आठवड्यांचा. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू इच्छिणाऱ्याला कामाशी जोडलेली चार क्रेडिट मिळवावी लागतात. प्रत्यक्ष कामाच्या एका क्रेडिटला तीस तास धरले, तर हे १२० तास होतात. आठ आठवड्यांत विभागल्यास आठवड्याला पंधरा तास, म्हणजे रविवार वगळता रोजचे अडीच तास.

हा अडीच तासांचा हिशेब व्यापारी कुटुंबाने लक्षात ठेवावा असा आहे. नियमातले उन्हाळी सत्र पहिल्या वर्षानंतरचे असले, तरी मोजमाप पहिल्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यालाही तितकेच लागू पडते. सकाळी सात ते साडेनऊ हा सात रस्त्यावरचा सर्वांत सुसह्य प्रहर. तेवढा वेळ अभ्यासाला दिला, तर दुकान उघडण्याच्या वेळी मूल गल्ल्यावर हजर असू शकते. लग्नसराईही साधते आणि अभ्यासही बुडत नाही. आजोबांना कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. वाणिज्य शाखेत येणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या वर्षी विषयाआधी त्याची भाषा परकी वाटते. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन हे शब्द फळ्यावर उमटू लागले की हुशार मूलही गप्प होते. वास्तविक त्याच्या घरी रोजकीर्द लिहिली जाते, खतावणी होते, उधारीची यादी निघते, दिवाळीआधी मालाची मोजदाद होते. नावे आणि जमा यांतील फरक त्याने कधी पाठ केलेला नसतो. तो त्याने कानाने ऐकलेला असतो. पुस्तकातला शब्द आणि पेढीवरचा शब्द एकच आहेत, हे ज्याला उन्हाळ्यात कळले, तो जूनमध्ये वर्गात बिचकत नाही. सकाळी जर्नल शिकलेल्या मुलीने दुपारी दुकानाच्या दहा व्यवहारांची नोंद त्याच पद्धतीने करून पाहावी. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीच्या तपशिलाचे आणि २० तारखेला कर भरण्याचे जीएसटी विवरणपत्र जात असेल, तर करसल्लागाराकडे कागद पाठवण्यापूर्वी ते एकदा तिच्या नजरेखालून जावेत. असा प्रात्यक्षिक वर्ग कोणत्याही शिकवणीत शुल्क भरून मिळत नाही.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्यांसाठी या महिन्यांना आणखी ठोस मूल्य आहे. फाउंडेशन परीक्षेची नोंदणी दहावीनंतर करता येते आणि परीक्षा बारावीनंतर देता येते. नोंदणी आणि परीक्षा यांत किमान चार महिन्यांचे अंतर लागते. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा, म्हणजे जानेवारी, मे-जून आणि सप्टेंबरमध्ये घेण्याचा निर्णय झाला. चार विषय, प्रत्येकी शंभर गुण; प्रत्येक विषयात चाळीस आणि एकूण पन्नास टक्के आवश्यक. ज्याने वेळेत नोंदणी केली, त्याला बारावीच्या पाठोपाठ याच उन्हाळ्यात परीक्षा देता येते. ज्याने निकालानंतर विचार सुरू केला, त्याची ही संधी हुकते. बँकेतील ठेवीप्रमाणेच येथेही रकमेइतकेच महत्त्व ती ठेवण्याच्या तारखेला असते.

परंतु एका धोक्याची जाणीव ठेवणे अगत्याचे आहे. उन्हाळा हातात आहे म्हणून तो काठोकाठ भरण्याचा मोह अनेक पालकांना होतो. सकाळी एक शिकवणी, दुपारी दुसरी, संध्याकाळी सराव परीक्षा. जूनमध्ये महाविद्यालयाचे दार उघडते तेव्हा मूल आधीच थकलेले असते, आणि पहिल्या सत्राचा अभ्यास ‘झालाच आहे’ या समजुतीने वर्गात लक्ष देत नाही. परदेशी विद्यापीठे या सत्रात एक-दोनच विषय देतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. पुढे धावण्यापेक्षा ओळख होणे महत्त्वाचे. कोणता विषय आपल्याला मानवतो, कोणता नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी समजले तर तो या उन्हाळ्याचा सर्वांत मोठा लाभ होय. महिनाभर लेखाशास्त्र करून एखाद्याला ते मुळीच आवडले नाही, तर प्रवेशअर्जातील शाखा बदलण्यास अजून वेळ असतो. पहिल्या वर्षाच्या मध्यावर तीच गोष्ट लक्षात आली, तर एक वर्ष जाते आणि घरातील बोलणे कडवट होते.

ज्यांना पुण्याला शिकायला जायचे आहे, त्यांनी तर हा सराव सोलापुरातच करावा. हुतात्मा एक्सप्रेसने जूनमध्ये सामान घेऊन निघण्याआधी स्वतःचे बँक खाते स्वतः हाताळणे, शाळा सोडल्याचा दाखला आणि अल्पसंख्याक प्रमाणपत्रासारखे कागद स्वतः रांगेत उभे राहून मिळवणे, महिन्याच्या खर्चाची वही ठेवणे, ही कामे पालकांनी आपणहून मुलांकडे सोपवावीत. एखादा कागद राहिला, एखादी फेरी फुकट गेली, तरी घर जवळ आहे. पुण्यात तीच चूक महाग पडते.

मृगाचा पहिला पाऊस पडला की सात रस्त्यावर पुन्हा गर्दी दाटते. प्रवेशाच्या रांगा लागतात, झेरॉक्सच्या दुकानांत उभे राहायला जागा उरत नाही, नवी मुले नव्या चपलांत चिखल तुडवत पहिल्या तासाला जातात. त्या गर्दीत कोणी उन्हाळा दुकानात काढला आणि कोणी शिकवणीत, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. प्राध्यापकांनी फळ्यावर पहिली नोंद लिहिली आणि ‘ही कोणाच्या नावे पडेल?’ असे विचारले, की मागच्या बाकावरून एक हात सहज वर जातो. त्या मुलीने उत्तर पुस्तकात वाचलेले असते आणि चाटी गल्लीत वापरलेलेही असते.