सात मिलिमीटरची मोकळीक

साइड पाइप बसवून घ्यायला आलेला माणूस आधी हॉर्सपॉवरचं विचारतो. "किती वाढेल?" त्याला मी डॉज व्हायपरचा दाखला देतो. १९९२ साली ही गाडी आली तेव्हा तिचे एक्झॉस्ट दारांखालून जाऊन मागच्या चाकांच्या पुढे, बाजूलाच उघडत. १९९६मध्ये कंपनीनं ते गाडीच्या मागच्या टोकाला नेले आणि ताकद ४०० हॉर्सपॉवरवरून ४१५वर गेली. बाजूचा रस्ता आखूड, म्हणून धूर लवकर सुटतो, हा समज गाडीवेड्यांत पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात दाराखालच्या चिंचोळ्या जागेत पुरेसा मोठा सायलेन्सर मावत नाही. आवाज आवरायचा तर नळीच आवळावी लागते, आणि नळी आवळली की इंजिन धापा टाकू लागतं.

एवढं ऐकूनही गिऱ्हाईक परत जात नाही. त्याला आवाज हवा असतो, गाडीची ती ऐट हवी असते. हॉर्सपॉवर ही घरी सांगायची सबब. कोल्हापूरचा माझा भाचाही बुलेटचा सायलेन्सर बदलल्यावर फोनवर म्हणाला होता, "मामा, पिकअप जबरी वाढलाय बघा." वाढलेला असतो आवाज. कान फसले की बूडही फसतं.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. नोकरीची सगळी वर्षं एक्झॉस्टच्या चाचण्यांत गेली, आता माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या कॉर्व्हेट येतात. त्यातही १९६८ ते १९८२ या काळातल्या, तिसऱ्या पिढीच्या जास्त. या गाड्यांच्या फुगीर मडगार्डांना आणि आत घेतलेल्या कमरेला साइड पाइप शोभतात, आणि त्यांना घराण्याचा आधारही आहे. शेव्हरोलेनं १९६५ साली एन-१४ या कोडखाली ते कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ७५९ जणांनी घेतले. १९६८मध्ये नवी बॉडी आली तेव्हा ते यादीतून गेले आणि १९६९मध्ये परतले, १४७ डॉलर ४५ सेंट जादा मोजून. त्या वर्षीच्या ३८,७६२ गाड्यांपैकी ४,३५५ गाड्यांवर ते लागले. या पिढीच्या नशिबात कारखान्याचे साइड पाइप तेवढ्या एका वर्षापुरतेच. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, तिथे दिसणारे बहुतेक साइड पाइप मागाहून कुणीतरी बसवलेले असतात.

आता त्या आवाजाविषयी. व्ही-८ इंजिनात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर. शेव्हरोलेची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. विषम आकडे डावीकडचे, सम उजवीकडचे. क्रँकच्या दर ९० अंशांना एक स्फोट, त्यामुळे आठही मिळून ऐकले तर ताल सरळ. नुसती डावी बाजू ऐका: १, ३, ५, ७ यांच्यातली अंतरं २७०, १८०, ९०, १८० अंश अशी पडतात. पाच आणि सात एकमेकांच्या पाठीवर, नंतर उसंत. हलगीवाल्यानं मध्येच दोन टोले दाटीनं मारून पुढे दम घ्यावा तसा तो ठेका. साइड पाइपमध्ये डाव्या-उजव्याची शेवटपर्यंत गाठ पडत नाही, म्हणून हा लंगडा ताल उघडा ऐकू येतो. इथे चालक डावीकडे बसतो, त्याच्या डाव्या कानापासून पाइपचं तोंड फार तर मीटर-सव्वा मीटरवर. अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं चढतो. मागे उघडणाऱ्या पाइपच्या मानानं कानाला काय भोगावं लागतं, याचा अंदाज यावरून यावा.

सिग्नलला गाडी उभी असताना हे सगळं गोड वाटतं. हायवेला तासभर चालवल्यावर मात्र डोकं धरतं. २,४०० आरपीएमला आठ सिलिंडरचे सेकंदाला १६० स्फोट होतात. एका बाजूचे ८०, आणि तेही असमान, म्हणून त्याखालचे खर्जही त्यात घुसतात. बाजारात मिळणाऱ्या साइड पाइपांत बहुधा जाळीदार नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते. ही लोकर वरचे, कर्कश सूर चांगले पिते, पण खर्जापुढे तिचं काही चालत नाही. शिवाय उष्णतेनं ती जळत, उडत जाते आणि पाइप वर्षागणिक मोठ्यानं बोलू लागतो. कारखान्याच्या जुन्या पाइपमध्ये लोकरच नव्हती. नळी ठरावीक अंतरावर दाबून आत कप्पे केलेले होते. त्यानं आवाज कमी होई तो नावापुरताच.

बसवायचं काम मी डावीकडून सुरू करतो, कारण गर्दी तिकडे. स्टिअरिंग बॉक्स, क्लचची दांडी, ब्रेकची नळी, सगळं एकमेकांना खेटून. उजवीकडे अडचण एकच, पण खोडसाळ: स्टार्टर. हेडरची, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी लावलेल्या नळ्यांच्या जुडग्याची, नळी त्याच्याजवळून गेली तर गरम गाडी पंपावर बंद करून पेट्रोल भरेपर्यंत स्टार्टर तापून बसतो आणि चावी फिरवली तर उचलत नाही. मालक बिचारा बॅटऱ्या बदलत राहतो. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. जुना बिडाचा मॅनिफोल्ड काढून हेडर लावले की इनटेकच्या खालून धूर फिरवणारी झडपही जाते, आणि त्या धुराच्याच उष्णतेवर कार्बोरेटरचा चोक उघडत असतो. थंडीच्या सकाळी गाडी मग बराच वेळ कुरकुरत, काळा धूर सोडत राहते. चोकची स्प्रिंग नव्यानं लावून घ्यावी लागते.

खरी परीक्षा ब्रॅकेटची. दाराखाली जाणारी नळी साधारण दीड मीटर लांब. साधं पोलाद दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला मिलिमीटरच्या १२ हजारांश भागानं वाढतं. दामटून चालवलेल्या गाडीत नळी थंड असतानापेक्षा ४०० अंशांनी तापली, तर ती सात मिलिमीटरनं लांब होते. स्टेनलेस असेल तर दहा. एवढी वाढ कुठे तरी जाणारच. दोन्ही टोकं चॅसीला बोल्टनं जखडली तर नळी धनुष्यासारखी वाकते, नाहीतर सगळ्यात अशक्त जागा शोधून तिथे तडकते; ही जागा बहुतेक वेळा ब्रॅकेटच्या वेल्डिंगची किनार असते. म्हणून मी इंजिनाकडचं टोक पक्कं धरतो आणि मागच्या ब्रॅकेटला गोल भोकाऐवजी लांबट स्लॉट पाडतो, बोल्टवर खांदा असलेली बाही घालतो आणि वर रुंद वायसर. नट कितीही आवळला तरी तो बाहीवर बसतो, नळी मोकळी राहते. गिऱ्हाईक हातानं हलवून बघतं आणि म्हणतं, ढिला राहिलाय. तेव्हा त्याला स्लॉटवरची मार्करची खूण दाखवायची, गाडी फिरवून आणायला सांगायचं आणि खूण किती सरकली ते पुन्हा दाखवायचं.

कॉर्व्हेटची बॉडी पत्र्याची नाही, फायबरग्लासची. पत्रा तापला तर रंग जातो. फायबरग्लास तापलं तर आधी रंगाला फोड येतात, मग रेझिन मऊ पडून कडच लहरते. इथे उष्णता अडवणारी ढाल लावायची ती बॉडीला चिकटवून नव्हे. नळी, हवेची फट, ढाल, पुन्हा फट, मग बॉडी असा क्रम हवा. फट बोट जाईल एवढी तरी असावी. वारा खेळला पाहिजे, कारण सगळ्यात वाईट वेळ गाडी धावत असताना येत नाही. गाडी उभी केल्यावरची दहा-पंधरा मिनिटं जास्त घातक.

तापमान मोजायला हल्ली सगळ्यांकडे ती पिस्तुलासारखी इन्फ्रारेड बंदूक असते. चकचकीत क्रोमवर ती रोखाल तर आकडा खोटा येतो, खऱ्यापेक्षा कितीतरी कमी, कारण चकाकणारा धातू उष्णता फेकतो कमी आणि आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवतो जास्त. मी पाइपवरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला नखाएवढा ठिपका उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा देतो आणि तिथे मोजतो. क्रोमवरच्या फसव्या आकड्यावर विसंबून लोक ढाल न लावता गाडी चालवतात.

गाडीतून उतरताना पाय लांब टाकायचा, हेही शिकवावं लागतं. साइड पाइपवाल्या जुन्या कोब्रा गाड्यांच्या मालकांत पोटरीवरच्या भाजल्याच्या डागाला साप चावला म्हणायची पद्धत आहे. चड्डी घालून आलेल्या पाहुण्याला ही गंमत मागाहून कळते. लिफ्टवाल्यालाही बजावून ठेवा: लिफ्टचे हात चॅसीखाली आत सरकवायचे, पाइपच्या कव्हरवर गाडीचा भार आला तर ते चेपलंच.

कायद्याकडेही बघावं लागतं. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांना उभ्या चाचणीत ९५ डेसिबलची मर्यादा आहे. भारतात कारखान्यानं नोंदवलेल्या रचनेत असा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवलेले आपण पाहिलेच आहेत. मला त्या रोलरचं वाईट वाटत नाही. रात्री अकरा वाजता दवाखान्यासमोरून पुंगळी काढलेली गाडी नेणाऱ्याला आवाजातलं काही कळतं, असं मी मानत नाही.

बसवून झालं की पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर हेडरचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळायचे. न आवळल्यास गॅस्केट फुंकतं आणि उतारावर पाय सोडला की फटाके वाजतात. काहींना तेही आवडतं. ती गळती असते.

काही संच बसवताना पुढच्या चाकामागची मडगार्डाची खालची कड कापावी लागते. तुमची गाडी मूळ अवस्थेत असेल तर तो संच घेऊ नका. न कापता, बोल्टवर बसणारा घ्या, थोडा महाग पडला तरी. आणि काढलेले मॅनिफोल्ड, मागचे सायलेन्सर, दाराखालची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी भंगारात घालू नका. तेल पुसून, कागदात गुंडाळून, कोणत्या गाडीचे ते लिहून माळ्यावर टाका. गाडी विकाल तेव्हा पुढचा मालक पहिल्यांदा तेच मागेल.