धमक कुणी दाखवायची?

हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केल्याची बातमी वाचली, तेव्हा मला फारसा आनंद झाला नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हे गाव. ४ मे २०२२ ला ठराव झाला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. माझं म्हणणं असं की, कुंकू लावायचं की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावं, ग्रामपंचायतीने त्यात कशाला पडायचं? जिच्यात धमक असेल ती लावेल. आणि मंगळसूत्र राखण्यात कसली आलीय मुक्ती, असंही वाटायचं.

हे मत बदललं ते एका प्रश्नाने. ती धमक बाईने नेमकी कधी दाखवायची?

माझे काका गेले तेव्हा अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. आत काकूला भिंतीशी बसवलेलं. आधी कपाळभर कुंकू लावलं, हिरवा चुडा भरला. मग एका शेजारणीने तिची मनगटं धरून एकमेकांवर आपटली. ‘हात पुढं कर’ म्हटलं, तिने केला. रात्रभराचं जागरण, समोर नवऱ्याचं प्रेत, दारात सगळी भावकी. अशा बाईकडून बंडाची अपेक्षा करायची? आणि ती शेजारीण दुष्ट नव्हती. तीही विधवाच, तिच्याही बांगड्या अशाच फुटलेल्या. ती मदतीलाच धावून आली होती. तिने नकार दिला असता तर भावकीने तिलाच फैलावर घेतलं असतं.

हेरवाडच्या ठरावाचं मोल मला इथे कळलं. त्या शेजारणीला आता म्हणता येतं, ‘गावानं बंद केलंय हे.’ धाडसाचं ओझं दुःखातल्या बाईवरून उतरून गावाच्या डोक्यावर येतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईत नाभिकांना विधवांच्या केशवपनाविरुद्ध उभं केलं, तेव्हाही धाडस मागितलं ते वस्तरा धरणाऱ्यांकडे. हेरवाडच्या ठरावामागे ज्यांची धडपड होती त्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी तर, आपल्या माघारी पत्नीवर हे विधी लादू नयेत, असं स्वतःच स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. नवऱ्यांनी जिवंतपणी करावं असं हे काम आहे.

मंगळसूत्राचं म्हणाल तर, काढायचं असेल तर तिने काढावं, तिला वाटेल तेव्हा, स्वतःच्या हाताने. त्या दिवशी दुसऱ्या कुणी गळ्याला हात घालू नये.

ठरावाने सगळं साधतं असं नाही. हेरवाडचा कित्ता गिरवा, असं परिपत्रक शासनाने त्याच महिन्यात काढलं, पुष्कळ गावांनी ठरावही केले. तरी हळदीकुंकवाचं बोलावणं विधवेचं दार टाळून पुढे जातंच. पोटच्या मुलीच्या लग्नात आई मागे उभी राहते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, याची मला चीड येते.

आमच्या गावात ठराव अजून व्हायचाय. येत्या ग्रामसभेसाठी मी अर्ज दिलाय आणि त्यात एक कलम जास्तीचं घातलंय: गावात कुणाचा नवरा गेला की दोन-तीन बायकांनी लगेच जाऊन तिच्याजवळ बसायचं, मयत उठेपर्यंत हलायचं नाही, आणि बांगड्यांना कुणी हात लावायला आलं तर अडवायचं. अर्जासोबत अशा बायकांची यादी जोडलीय. पहिलं नाव माझं आहे.