चिक्कट

पहिली चूक ही, की माणूस कळायच्या आधीच मी त्याला नाव ठेवलं.

तीसेक वर्षांपूर्वी भामरागड तालुक्यातल्या एका शाळेवर माझी नेमणूक झाली. हेमलकशात एका खोलीत आम्ही दोघे शिक्षक राहायचो. दुसरे यवतमाळकडचे, वयानं दहा वर्षांनी मोठे. चहाची पत्ती ते दुसऱ्यांदा उकळत, वाचून झालं की लगेच चिमणी विझवत, काडेपेटीतल्या काड्या मोजत. त्यांच्या लोखंडी पेटीला कायम कुलूप. मी पुण्याचा; काटकसर मला नवी नव्हती, पण ही भलतीच वाटली. आधी मनात, मग चारचौघांत आणि एकदा पोरांच्या देखत मी त्यांना ‘चिक्कट’ म्हणालो. ते हसले. मला वाटलं, चालतंय.

एका माडिया पोरानं विचारलं, “चिक्कट म्हंजे?”

“डिंकासारखा,” मी म्हणालो. “धरलं की सोडत नाही.”

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला. पूल पाण्याखाली, बाजार पलीकडे भामरागडला. इकडे आलापल्लीचा साठेक किलोमीटरचा रस्ता नाल्यांनी जागोजाग तोडलेला. चौथ्या दिवशी माझं रॉकेल संपलं, सहाव्या दिवशी तांदूळ. त्यांनी पेटी उघडली. मीठ, तांदूळ, साखर, मेणबत्त्या, सगळं पुड्या बांधून, वर तारखा घालून ठेवलेलं. “घ्या सर. पण पुरवून घ्या.” शेजारच्या दोन घरांतही त्यांनी मीठ दिलं.

त्यातच मला मलेरिया झाला. बाबा आमट्यांनी 1973 साली सुरू केलेल्या लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना गावातच होता, म्हणून औषध वेळेत मिळालं. पेज मात्र त्या पेटीतल्या तांदळाची. तरीही ‘माझं चुकलं’ एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. बरा झाल्यावर उलट चेष्टा केली, “पेटी उघडायला पूर यावा लागला!”

दुसरी चूक अजून कुणाला सांगितलेली नाही. पूर्वी या भागात व्यापारी मापभर मीठ देऊन मापभर चारोळी न्यायचे, हे मी पाहुण्यांना संतापून सांगायचो. पुढच्या उन्हाळ्यात बाजारात एक माडिया बाई चारोळी घेऊन बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, मला माडिया. मी बोटांवर भाव पाडत गेलो. उठून जायचं नाटक केलं, तेव्हा तिनं आणखी दोन मुठी घातल्या. पैसे मी तेवढेच दिले. त्या चारोळीची बासुंदी पुण्यात सगळ्यांना आवडली आणि मी किती स्वस्तात आणली याचं कौतुकही झालं. मला कुणी चिक्कट म्हणालं नाही. स्वतःचं राखून ठेवणाऱ्यासाठी आपल्याकडे कंजूष, कद्रू, चिंगूस, कवडीचुंबक असे ढीगभर शब्द आहेत. दुसऱ्याचं काढून घेणाऱ्याला आपण व्यवहारी म्हणतो.

तिसऱ्या वर्षी खटपट करून मी बदली मिळवली. त्यांनी अर्जसुद्धा केला नव्हता. निघायच्या दिवशी ते मला एसटीपर्यंत सोडायला आले, पोरंही आली. तेव्हा तरी माफी मागायची होती. मी सामान मोजत राहिलो.

गाडी सुटताना तोच पोरगा खिडकीशी आला.

“सर, तुमी चिक्कट नाही का?”