मनीचं पोट बिघडलं तर...

मुलांनो, 'मांजराला काय आवडतं?' असं कुठल्याही वर्गात विचारून पाहा. सगळा वर्ग एका सुरात ओरडेल, 'दूऽऽध!' चित्रात मांजर बशीतलं दूध पितं, गोष्टीत शिंक्यावरचं दूध चोरतं आणि म्हणीतसुद्धा डोळे मिटून दूधच पितं. आवडतं हे खरं. पण सोसतंच असं नाही, बरं का!

पिल्लू आईला पितं तोवर दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज नावाचं विकर त्याच्या आतड्यात भरपूर असतं. पिल्लू मोठं होऊन उंदीर, मासे खायला लागलं, की हे विकर कमी कमी होत जातं. मग न पचलेली साखर आतड्यात तशीच राहते, पाणी ओढून घेते आणि मांजराला जुलाब होतात. म्हणून मनीचं पोट बिघडलं, की घरगुती उपायांतला पहिला उपाय अगदी सोपा आणि बिनपैशांचा : दूध बंद!

आमच्याकडेही एक मनी आहे. चार किलो वजनाची, करड्या पट्ट्यांची. एका पावसाळ्यात तिला दिवसातून तीन-चारदा पातळ शी व्हायला लागली. सासूबाईंनी लगेच त्यांचा बटवा काढला. आमच्या घरातली सगळी मुलं या बटव्यावरच वाढलेली. सुंठ, ओवा, मुरुडशेंग, जायफळ... सहाण मांडून त्या जायफळ उगाळणार, एवढ्यात मी म्हटलं, "आई, आधी डॉक्टरांना विचारू या का?"

"अगं, चिमूटभर जायफळाला डॉक्टर कशाला? तान्ह्या बाळांना देतो आपण!" असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी हात थांबवला.

आमच्या तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. तिथं गाई-म्हशी-शेळ्यांच्या गर्दीत मनीची टोपली मांडीवर घेऊन आम्ही दोघी बसलो. डॉक्टरांनी मनीला तपासलं, सगळी हकिगत ऐकली आणि हसून म्हणाले, "आजी, तुमचा बटवा चांगलाच आहे. पण तो माणसांच्या बाळांसाठी. मांजर म्हणजे छोटं माणूस नव्हे!"

हे वाक्य मी तेव्हापासून वर्गात कितीतरी वेळा सांगितलंय. मांजर वाघाची मावशी ना? तिचं शरीर मांसाहारासाठीच बनलेलं. आपण पालेभाज्या, मसाले, मुळं, पानं असं काय काय खातो. त्यातले नको असलेले पदार्थ निरुपद्रवी करून बाहेर टाकायचं काम आपलं यकृत करतं. मांजराच्या यकृताला त्यातली काही कामं जमतच नाहीत. त्यामुळे आपलं औषध तिच्यासाठी विष ठरू शकतं.

कांदा आणि लसूण घ्या. आपल्याला गुणकारी, पण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यांच्यामुळे फुटतात. कच्चा, शिजवलेला किंवा पूड केलेला, कसाही असो. जायफळही मांजराला चालत नाही. कापूर, निलगिरीचं तेल, दुखण्यावर चोळायचे बाम हे तिच्या अंगाला लावूही नयेत, कारण मांजर अंग चाटून पुसतं आणि लावलेलं सगळं पोटात जातं. सगळ्यात भयंकर म्हणजे आपली तापावरची पॅरासिटामॉलची गोळी. एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. 'अर्धीच देऊ', 'पाव देऊ' असं म्हणूच नका. झाडपाल्याचं आहे, नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे, असं नसतं हं!

"मग घरी करायचं तरी काय?" सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांनी दुसऱ्या दिवसापासून इतक्या निगुतीनं केलं, की मी पाहतच राहिले. कोंबडीचं मांस, हाडं काढून, नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळद नाही, तिखट नाही, फोडणी तर नाहीच. निवलं की बारीक तुकडे करून एका वेळी दोन-तीन चमचेच द्यायचे, पण दिवसातून चार-पाच वेळा. हाडं मुळीच नाहीत. शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि घशात, आतड्यात रुततात. सोबत चमचाभर उकडलेला लाल भोपळा, तोही साधाच. त्यातल्या चोथ्यानं शी बांधून यायला मदत होते. आणि स्वच्छ पाणी सतत जवळ. आम्ही दोन ठिकाणी वाट्या ठेवल्या. पाणी किंवा तेल जबरदस्तीनं तोंडात ओतायचं मात्र नाही. ते श्वासनळीत गेलं, तर फुप्फुसं बिघडतात.

तिसऱ्या दिवशी मनीचं पोट ठीक झालं. मग नेहमीचं खाणं एकदम न देता हळूहळू वाढवलं.

काहीजण म्हणतील, "पण बाई, मांजर गवत खाऊन स्वतःचं औषध स्वतःच करतं ना?" मांजरं गवत खातात हे खरं. पण ठणठणीत मांजरंही खातात. म्हणून गवत खाल्लं की मांजर आजारी, असंही नाही आणि गवत खाल्लं की बरं झालं, असंही नाही. औषध फवारलेलं गवत मात्र त्याला खाऊ देऊ नका. आणि पुष्पगुच्छात लिलीची फुलं असतील, तर ती मांजराच्या घरात नकोतच. लिलीचे परागकण चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आता जरा वेगळी गोष्ट सांगते. ती आनंदाची नाही, पण सांगायला हवी.

माझ्या तिसरीच्या वर्गातल्या एका मुलाकडे दोन पिल्लं होती, दोन महिन्यांची. एक काळं, एक पांढरं. शनिवारी काळ्या पिल्लाला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. घरच्यांनी त्याला उबेत ठेवलं, पाणी पाजलं आणि सोमवारपर्यंत वाट बघायचं ठरवलं. त्यांनी माया काही कमी केली नाही. पण रविवारी रात्री पिल्लू गेलं. सोमवारी तो मुलगा शाळेत आला तो डोळे सुजवूनच. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, पांढरीनं पण आज काही खाल्लं नाही."

मी त्याच्या बाबांना फोन केला. ते अर्ध्या तासात पिल्लू घेऊन दवाखान्यात पोचले. पांढरीला सलाईन दिलं, इंजेक्शनं दिली. चार दिवस रोज खेपा झाल्या. पांढरी वाचली.

डॉक्टरांनी सांगितलं, की हा मांजरांचा एक विषाणूजन्य आजार होता. पिल्लांना तो फार जोरात होतो. त्यावर लस असते आणि ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून देता येते. दोन महिन्यांच्या पिल्लाचं वजन किलोभरसुद्धा नसतं. एवढ्याशा अंगात पाणी असणार ते किती? चार-सहा उलट्या-जुलाबांत ते संपतं. म्हणून पिल्लाच्या बाबतीत 'उद्या बघू' म्हणायचं नाही. त्याला उपाशीही ठेवायचं नाही.

मोठ्या, खेळत्या मांजराला एक-दोनदा पातळ शी झाली आणि ते खातपीत असेल, तर एक दिवस घरी काळजी घेऊन बघायला हरकत नाही. पण पुन्हा पुन्हा उलटी होते, शीमध्ये रक्त दिसतं, दिवसभर काहीच खात नाही, कोपऱ्यात दडून बसतं, हिरड्या कोरड्या-चिकट किंवा पांढुरक्या दिसतात, यांतलं काहीही असलं, की घरचे उपाय बाजूला ठेवायचे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवंच दुखणं उभं राहतं.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोका पुन्हा पुन्हा शीला बसल्यासारखा बसतो, जोर करतो, ओरडतो. घरच्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालं. पण कित्येकदा त्याची लघवी अडकलेली असते. अशा वेळी काही तासांतही जिवावर बेततं. थेट दवाखाना! दुसरी गोष्ट दोऱ्याची. शिवणाचा दोरा, लोकर, संक्रांतीचा मांजा मांजर खेळता खेळता गिळतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढू नका. आत आतडं चिरलं जातं.

तुमचीही काळजी घ्यायची हं. आजारी मांजराची घाण मोठ्यांनीच काढावी. घरात कुणाला बाळ होणार असेल, तर त्या ताईनं किंवा काकूनं मुळीच काढू नये. मांजराला हात लावल्यावर साबणानं हात धुवावेत. मांजर चावलं किंवा त्यानं ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच आईबाबांना सांगून डॉक्टरांकडे जायचं, कारण रेबीज मांजरापासूनही होतो. रागावतील म्हणून लपवायचं नाही. आणि पालकहो, मूल असं काही सांगायला आलं, तर खरंच रागावू नका. आधी ऐकून घ्या.

या सगळ्यात मुलांनी काय करायचं? एक फार मोठं काम तुमचं आहे. मनीला 'माझं पोट दुखतंय' असं सांगता येत नाही. तिच्या वतीनं तुम्ही सांगायचं. एक जुनी वही घ्या आणि त्यात लिहा : मनीनं आज काय खाल्लं, किती पाणी प्यायली, उलटी किती वेळा झाली, शी कशी होती, लघवी झाली का, खेळली की झोपूनच होती. पांढरीच्या वेळी त्या मुलानं वहीच्या मागच्या पानावर शनिवारपासूनचं सगळं लिहून ठेवलं होतं. अक्षर वेडंवाकडं, 'उलटी'चा 'उ' दीर्घ! पण डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं.

आणि हो, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर आणि वेळ आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. मोठ्या अक्षरात, आजीलाही दिसेल असा. आमच्याकडे तो सासूबाईंनी स्वतः लिहिलाय, बटव्याच्या अगदी शेजारी.