पाच काचा आणि एक दांडी

घरात दिवा ठेवणे सोपे, पण दिव्याची काच जपणे कठीण, असे जुनी माणसे म्हणत. ते खोटे नव्हे. कंदिलाचा पत्रा गंजला तरी वर्षानुवर्षे चाले. वात संपली तर आठवड्याच्या बाजारात मिळे. काच मात्र एकदा निसटली की सगळे घर हळहळे. म्हणून रोज तिन्हीसांजेपूर्वी राखेने आणि जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाने काच पुसण्याचे काम घरातील सर्वांत सावध हाताकडे सोपविलेले असे. पुढे वीज आली, कंदील माळ्यावर गेले, पण काचा टाकून देण्याचे धैर्य कोणास झाले नाही. आमच्या कुटुंबातही तसेच झाले, आणि त्यातूनच आजचा हा विषय निघाला.

आमचे गाव अणशी. कारवारहून कद्र्यावरून जोयड्याकडे जाणारा रस्ता घाट चढून वर आला की हे गाव लागते. सभोवार दाट रान. झाडांच्या छायेमुळे येथे संध्याकाळ इतर ठिकाणांपेक्षा लवकर उतरते, आणि पावसाळ्यात तर दुपारीच दिवा लावावासा वाटतो. १९८७ साली या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २००७ साली दांडेलीसह येथे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. याच नदीवर सुपे येथे मोठे धरण झाले. जुने सुपे गाव त्याच्या पाण्याखाली गेले. खाली कैग्याला २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. इतका उजेड जेथून दूरदूरच्या शहरांना जातो, तेथेच वादळात झाड तारेवर पडले की आम्ही अंधारात बसतो. तक्रार म्हणून हे लिहीत नाही. काच जपण्याची सवय आमच्याकडे अजून का टिकून आहे, एवढेच वाचकांना कळावे.

आमच्या वडिलांची पाच मुले. त्यांची पाच घरे झाली आणि पाच घरांत पाच काचा उरल्या. थोरल्या वहिनींकडे वडिलांनी घेतलेल्या प्रभाकर कंदिलाची पोटाळ काच. आमच्याकडे मेजावरच्या दिव्याची उंच चिमणी. मधल्या बंधूंकडे गॅसबत्तीची नळकांड्यासारखी सरळ काच. गावातील लग्नकार्यांत तीच बत्ती पुढे असे. धाकट्या बंधूंकडे वीज आल्यानंतरचा दुधी काचेचा गोळा. काणकोणला दिलेल्या आमच्या बहिणीकडे, तिच्या सासरच्या जुन्या घरातील, झालरीच्या काठाची घंटेसारखी काच. या पाचही काचा थोरल्या घराच्या ओटीवर एका दांडीला लावाव्यात, असे थोरल्या वहिनींच्या मनात आले, आणि ते काम त्यांनी आमच्यावर टाकले.

पुतण्या व्यवहारी आहे. तो म्हणाला, "काका, पाच सारखे दिवे बाजारातून आणू. स्वस्त पडतील, आणि एक फुटला तर दुसरा लगेच मिळेल." त्याच्या म्हणण्यात चूक काही नव्हती. वहिनी एवढेच म्हणाल्या, "सारखे दिवे दुकानातही लागलेले असतात, बाळ. ही ओटी आहे."

काम अंगावर घेतल्यावर पहिला प्रश्न असा की, काचांचे आकार असे वेगवेगळे का? शोध घेता कळले की यातला एकही आकार केवळ शोभेसाठी नाही. प्रत्येक आकार त्या त्या ज्योतीच्या गरजेतून आलेला आहे. जिनिव्हाच्या आर्गां यांनी १७८० नंतरच्या दशकात गोल वातीचा दिवा काढला आणि तिच्याभोवती काचेची नळी उभी केली. नळीतील तापलेली हवा वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते, आणि ज्योत धूर न करता तेजाने जळते. चिमणी उंच असते ती या ओढीसाठी. कंदिलाच्या दोन बाजूंच्या नळ्या हवा पुरवितात, त्यामुळे त्याला उंच काच लागत नाही. उलट ज्योतीची आच लागू नये म्हणून तिचे पोट बाहेर काढावे लागते. गॅसबत्तीत ज्योत नसून तापलेली जाळी प्रकाश देते, म्हणून तिला सरळ काच पुरते. विजेच्या दिव्याला हवाच नको. पण त्याची उघडी तार डोळ्यांना खुपते, म्हणून दुधी गोळा आला. झालरीची काच वरून खाली उजेड पाडते. जिचा जसा दिवा, तशी ती काच.

प्रभाकर कंदिलाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. स्वदेशीच्या चळवळीत १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तो उभा राहिला होता. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या आश्रयाने आपला कारखाना काढला. त्यांच्याच नावावरून त्या वस्तीस ओगलेवाडी म्हणतात. तेथील प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. आमचा कारवार जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे तो आमच्या रानातही पोहोचला. वहिनींच्या काचेत बारीक बुडबुडे आहेत. उजेडात ते दिसतात आणि फार शोभतात.

दुसरा प्रश्न मापांचा. दुधी गोळ्याची मान सव्वातीन इंच, तिला बाहेर वळलेली कड. झालरीच्या काचेची मान सव्वादोन इंच. कंदिलाच्या काचेला मानच नाही. ती दोन्ही बाजूंनी उघडी, बैठकीवर बसायची. चिमणी आणि गॅसबत्तीची काचही बसणाऱ्या जातीच्या. म्हणजे दोन काचा लटकणाऱ्या आणि तीन बसणाऱ्या. एका मापाची बैठक पाचांना चालणार नव्हती, आणि काच घासून माप जुळविणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळणे.

येथे आम्हांस चुलीने वाट दाखविली. तीन दगडांची चूल कोणत्याही भांड्याला चालते. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही. चार पायांना सपाट जमीन लागते, तीन पाय आपली जमीन आपण शोधतात. हाताने फुंकलेली काच कधी पुरती गोल नसते. तिला चार ठिकाणी धरावे तर एक ठिकाण सुटते आणि दुसऱ्यावर भार पडतो. तीन ठिकाणी धरले तर भार तिन्हींवर सारखा पडतो. म्हणून पितळेच्या वाटोळ्या ताटलीला मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या तीन फटी पाडविल्या. प्रत्येक फटीत पितळेची एक लवचीक पट्टी, टोकाशी किंचित वळविलेली, आणि मागे हाताने फिरविण्याचा पंखांचा नट. पट्ट्या आत सरकविल्या की दोन इंचांची मान धरतात, बाहेर सरकविल्या की चार इंचांची. लटकणाऱ्या काचांसाठी ताटली पालथी बसविली, तेव्हा पट्ट्या मानेच्या कडेखाली जातात. बसणाऱ्या काचांसाठी तीच ताटली उलथून वाकड्या पोकळ नळीवर ठेवली. ही नळी दांडीपासून बगळ्याच्या मानेसारखी खाली येते, तिच्यातूनच तार जाते, आणि ताटलीचा मध्य टांगल्या जागेच्या बरोबर खाली राहतो, म्हणून काच कलत नाही. पाचही ताटल्या एकाच साच्याच्या. कारवारच्या एका पितळकाम करणाऱ्या कारागिराने त्या करून दिल्या. लोखंड घेतले नाही, कारण आमच्या पावसात ते दोन वर्षांत तांबडे होते.

धरण्याचीही एक रीत आहे. उष्णतेने पितळ काचेच्या सुमारे दुप्पट फुगते. तापलेल्या दिव्यावर नट आवळला, तर निवताना पितळ अधिक आकसते आणि काचेची मान चिरडते. म्हणून नट नेहमी थंड असताना, केवळ बोटांनी आवळावा, पकडीने कधीही नाही. पट्टीच्या टोकाला कापडाची घडी लावावी. तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडू देऊ नये. बाहेरचा थर एकदम आकसतो, आतला तापलेलाच राहतो, आणि या ओढाताणीत काच तडकते. सुदैवाने हल्लीचा एलईडी दिवा ९ वॅटमध्ये जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो आणि तापतो फार थोडा. तरीही बंद गोळ्यात उष्णता कोंडली की त्याचेही आयुष्य घटते, म्हणून ताटली आणि मान यांमध्ये बोटभर फट राखली. चिमणीत रुंद दिवा जाईना. तिला मेणबत्तीच्या आकाराचा निमुळता दिवा घेतला. धातूच्या प्रत्येक ताटलीपर्यंत जमिनीची तार नेली. ओल्या ओटीवर यात हयगय करू नये. जूनमध्ये पंखांचे किडे दिव्यावर झेपावतात आणि काचेत मरून पडतात. म्हणून कोणतीही काच स्टुलावर उभे राहून अर्ध्या मिनिटात काढता यावी, अशी योजना ठेवली. कंदिलाची काच तर वीज गेल्यावर उतरवून पुन्हा कंदिलावर चढविता येते.

दांडी कशाची करावी, येथे मात्र प्रश्न मापांचा उरला नाही.

मधले बंधू काही वर्षांपूर्वी गाव सोडून गेले. व्याघ्रप्रकल्पाच्या क्षेत्रातून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्यांसाठी २००८ साली कुटुंबामागे दहा लाख रुपयांची मदत ठरली. पुढे ती वाढली. मुलीचे शिक्षण आणि वहिनींचे औषधपाणी, दोन्ही दूर. त्यांनी ती मदत घेतली. जाताना घर मोडले. फणसाचा एक पाच फुटी वासा थोरल्या वहिनींनी मागून घेतला आणि आपल्या पडवीत ठेवला. धाकट्या बंधूंस ते जाणे लागले होते. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. त्या वाशाची दांडी करावी, असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा धाकटे बंधू उठून उभे राहिले.

"ज्यांनी घर मोडले, त्यांचा वासा आपल्या ओटीवर कशाला? आणि त्यांची काच तरी कशाला?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुम्ही राहिलात, तुमचे भले झाले. ते गेले, ते मुलीसाठी गेले. तुमच्या लग्नात रात्रभर जी बत्ती जळली, तिचीच ती काच. ती नको असेल तर कोणती काच लावायची, तेही तुम्हीच सांगा."

धाकटे बंधू काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वासा रंधून गुळगुळीत झालेला आम्हांस दिसला. गावात रंधा त्यांच्याकडेच आहे.

दांडी दोन साखळ्यांनी आढ्याला टांगली. जड दुधी गोळा मध्ये, हलक्या काचा कडेला, म्हणजे दांडी समतोल राहते. गॅसबत्तीच्या काचेची जागा रिकामी ठेवून चार काचा लावल्या. मे महिन्यात मधले बंधू सहकुटुंब आले. काच फडक्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर धरून आणली होती. दांडीकडे पाहून त्यांनी वासा ओळखला. त्यावर त्यांच्या घरच्या आकड्याचे भोक अजून होते. ते स्टुलावर चढले. त्यांचे हात आता थरथरतात. धाकट्या बंधूंनी आधी स्टूल धरले, मग वर हात करून काच धरली, आणि म्हणाले, "दादा, नट फार आवळू नकोस. बोटांनीच." इतक्या वर्षांत दोघांमध्ये निघालेला हा पहिला शब्द. त्या रात्री ओटीवर जेवणे फार उशिरा झाली.

वाचकहो, कुटुंबे आता सर्वत्र पांगत आहेत. कोणी पुण्यास, कोणी आखातात, कोणी धरणापायी, कोणी पोटापायी. जो राहतो त्याला वाटते, गेलेल्याने पाठ फिरविली. जो जातो त्याला वाटते, राहिलेल्याला आपली अडचण कळली नाही. दोघेही आपापल्या ज्योतीप्रमाणे घडलेले असतात. घडून गेलेली काच पुन्हा वाकत नाही; वाकवू गेले तर हाती तुकडे येतात. सरकायचे ते धरणाऱ्याने. पट्टी थोडी आत, थोडी बाहेर, आणि आवळणे बोटांपुरतेच. आमच्या थोरल्या वहिनींना पितळेचे शास्त्र ठाऊक नाही. पण पाच घरांना इतकी वर्षे त्यांनी याच रीतीने धरले आहे, आणि आमच्या हातून झाली ती केवळ दांडी.