रंजक आणि स्फुरद

आमच्या सीमाभागात एकाच शब्दाची दोन घरे असतात. मराठीत 'रंजक' म्हणजे मन रमविणारे. कन्नडात 'रंजक' म्हणजे फॉस्फरस, आपल्या शेतकी मराठीतले स्फुरद. धाकट्या भावाने माती तपासून आणली. अहवाल कन्नडात, म्हणून तो माझ्याकडे आला. 'रंजक कमी' हे वाचून दाखवताच म्हणाला, "अण्णा, दरसाल दोन पोती डीएपी घालतोय की. मग ते जातंय कुठं?" प्रश्नामागे सोसायटीचे कर्ज होते आणि वडिलांनी राखलेले दोन एकर विकून टाकावे हा विचारही होता.

हेडमास्तराला खडू हातात नसतानाही समजावून सांगण्याची खोड असते. म्हटले, ते फारसे कुठे जात नाही. घातलेल्या स्फुरदाचा जेमतेम पाचवा हिस्सा त्या हंगामात पिकाला मिळतो. उरलेले आपल्या तांबड्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात, पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत कॅल्शियम. कणगीत धान्य आहे, पण तोंड लिंपलेले.

ते उघडणारे जिवाणू मातीतच असतात. बॅसिलस, स्यूडोमोनास ही त्यांतली ठळक कुळे. ते सेंद्रिय आम्ले सोडून अडकलेले स्फुरद मुळांसाठी मोकळे करतात. असे जिवाणू निवडण्यासाठी सोव्हिएत संशोधिका पिकोव्स्काया यांनी 1948 साली सुचविलेले माध्यम आजही त्यांच्याच नावाने वापरतात. जिवाणूंभोवती स्वच्छ वलय उमटले की समजावे, काम चालू आहे.

मग पाकीट आणले. दहा किलो भुईमुगाच्या बियाण्याला 250 ग्रॅम, गुळाच्या पाण्यातून हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवून लगेच पेरायचे. मात्र जिवाणूंनाही पोट आहे. शेणखत नसेल तर ते उपाशी. वडील पेरणीआधी शेतात मेंढरे बसवीत, ते उगीच नव्हे.

यंदा डीएपीचे एक पोते कमी केले, तरी उतारा घटला नाही. पाऊसही बरा होता. एका हंगामावर निकाल देणे बरोबर नाही. पण जमीन विकायची भाषा तूर्त थांबली आहे. परवा बांधापलीकडचा कन्नड शेतकरी मूठभर माती हुंगून म्हणाला, "सर, मण्णु सत्तिल्ल री." माती मेलेली नाही! भावाला कन्नड वाचता येत नाही. पण याचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही.