डाव्या कोपऱ्यावरचा दादा

भात झोडून खळी मोकळी झाली की कर्जत-खालापूरच्या गावागावांत कबड्डीचा मोसम सुरू व्हायचा. मैदान म्हणून वेगळी जागा कुणाकडे नव्हती. पावसाळ्यात ज्या खाचरात पोटरीभर चिखल असायचा, तिथेच दिवाळीनंतर पोरं ढेकळं फोडायची, घागरींनी पाणी शिंपायची आणि दोन-तीन रात्री धुम्मस चालायचा. जमीन टाचेला घट्ट आणि वर बोटभर मऊ लागली की जुना खेळाडू मान डोलवायचा. मग फक्कीच्या रेघा, चार बांबू, पुढे पुढे हॅलोजन, आणि बांधावर घोंगडी टाकून बसलेलं अख्खं गाव.

आमच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यावर दादा असायचा. तो मोठा खेळाडू होता असं मी म्हणणार नाही. जिल्ह्याच्या संघात दोनदा राखीव म्हणून गेला आणि दोन्ही वेळा बाकावर बसून परत आला. पण चढाई करणारा निदान रेषेपाशी पाय लांबवायचा आणि त्याच क्षणी घोटा दादाच्या पंजात असायचा. ओढायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. बाकीचे तोवर येऊन कोसळायचे. टाळ्या त्या कोसळणाऱ्यांना मिळत. त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं वाकडं होतं. मोडल्यावर आंबेहळदीचा लेप आणि सुती पट्टी एवढाच इलाज झाला होता. भाकरी मोडताना ती दोन बोटं बाजूला राहायची.

लावणीला वाकल्यावर कंबर जशी खाली आणि नजर पुढे असते, तसाच तो कोपऱ्यावर उभा राहायचा. मला नेहमी वाटतं, आमच्या भागातले कोपरारक्षक चांगले निघाले ते भाताच्या खाचरांमुळे. दिवसभर वाकून मागे सरकत जायची सवय होती ती.

खोपोलीच्या एका कारखान्यात त्याला नोकरी लागली ती याच पंजाच्या जोरावर. तेव्हाची रीतच ती होती. गिरण्या, रेल्वे, गोदी, बँका, पोलीस, सगळ्यांचे संघ असत. आजही आपल्याकडच्या स्पर्धांत व्यावसायिक गट वेगळा असतो तो त्यामुळेच. दादा रात्रपाळी करून सकाळी सरावाला उभा राहायचा. आज कंपनीसाठी, उद्या गावासाठी, परवा मामाच्या गावचा एक गडी कमी पडला म्हणून त्यांच्यासाठी. मुंबईत सामना असला की शेवटच्या कर्जत लोकलने परतायचा, बनियन घामानं कडक झालेलं, पिशवीत कधी स्टीलचा डबा बक्षीस, कधी काहीच नाही. स्टेशनवर उतरला की आधी गुडघा दोन्ही हातांनी चोळायचा, मग चालू लागायचा.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्लंडच्या फुटबॉलपटूंविषयी वाचताना मला तो आठवला. तिथे 1922 पासून कमाल पगार ठरलेला होता: मोसमात आठवड्याला 8 पौंड, मोसम संपला की 6. कितीही गाजलेला खेळाडू असो, त्याहून जास्त नाही. ही मर्यादा उठली ती थेट 1961 मध्ये. शिवाय नोंदणी क्लबच्या हातात, म्हणजे क्लबने सोडलं तरच दुसरीकडे जायचं. या गावातून त्या गावात बदली होत, दोन मोसम इथे, एक तिथे, असे शेकडो साधे खेळाडू तिथला खेळ चालवत होते. नावं कुणाला आठवत नाहीत. त्याच काळात आपल्याकडे हुतूतूला नियमांची चौकट मिळत होती, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगापुढे नेला. पुढे बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य वाहिलं. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. दादाच्या देव्हाऱ्याशेजारी बुवांचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता.

फरक एवढाच की इंग्लंडातल्या त्या गड्याला पगार खेळाचा मिळे आणि गुडघा गेला की पगारही जाई. दादाचा पगार यंत्रावरचा होता. गुडघा गेला तेव्हा तो मैदानावरून उठला, पण हजेरीपटावरून नाही. पुढची 20 वर्षं त्याच कारखान्यात काढून, फंड घेऊन घरी आला. घराचं पत्र्याचं छप्पर जाऊन स्लॅब पडला तो त्या फंडातून.

2014 च्या 26 जुलैला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आम्ही सगळे दादाच्या ओटीवर टीव्हीसमोर होतो. पहिल्या लिलावात सर्वात महाग राकेश कुमार, 12 लाख 80 हजार. चारच वर्षांनी मोनू गोयतला 1 कोटी 51 लाख आणि आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाला 1 कोटी 11 लाख. 2023 मध्ये पवन सेहरावत 2 कोटी 60 लाखांच्या वर गेला. मला याचा मनापासून आनंद आहे. ज्या खेळाला शहरात गावंढळ म्हणायचे, त्या खेळाची पोरं विमानानं फिरतात, हे मी डोळे भरून पाहतो. पण लिलावात ज्याचं नाव कुणी उच्चारत नाही, त्या मधल्या फळीतल्या पोराचं काय? कंपनीचा संघ त्याला घेतो तो बऱ्याचदा वर्षाच्या कराराने. दुखापत झाली की करार संपला. दादाला जी हजेरी मिळाली, ती याला मिळत नाही, आणि हे मला पटत नाही.

खेळही बदलला. पूर्वी चढाई छातीतल्या दमावर चालायची, पंच कान लावून ऐकायचा. आता 30 सेकंदांचं घड्याळ आहे. अनवाणी पायांना बूट आले, मातीला मॅट आली. आणि खाचरं? द्रुतगती मार्ग झाला, खालापूरपासून कर्जतपर्यंत जमिनींचे भाव चढले. आमचं जुनं मैदान ज्या शेतात व्हायचं तिथे आता तारेचं कुंपण आहे, आत फार्महाऊस, निळ्या पाण्याचा पोहण्याचा तलाव. मालक शनिवारी येतात.

मागच्या हिवाळ्यात गावात मॅटवरची स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस रोख, मोबाइलवर थेट प्रक्षेपण, दोन संघांत निम्मे खेळाडू बाहेरून आणलेले. दादा काठी घेऊन आला होता. आधी चप्पल काढून बाहेर ठेवली, मग मॅटवर पाऊल टेकवून थोडं दाबून पाहिलं, आणि काही न बोलता मागे आला.

मध्यंतराला आमच्या वाडीतला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्याच्याजवळ येऊन बसला. तोही डाव्या कोपऱ्यावरच खेळतो.

"दादा, तो बोनस घेऊन निसटतोय माझ्या हातून. मागचा पाय कुठं ठेवू?"

दादाला आता वाकता येत नाही. त्यानं काठी माझ्याकडे दिली, मॅटच्या बाहेरच्या मातीत पायाच्या अंगठ्यानं एक रेघ ओढली, तिच्या मागे वीतभर आणखी एक, आणि त्या दुसऱ्या रेघेवर अंगठा दाबून म्हणाला, "हिथं. आणि घोटा मिळाला की ओढू नको, नुसता धर."